मूळ एअरबॉक्स काढून कोल्ड एअर इनटेक बसवला तर इंजिनाला काय मिळतं, काय जातं?

मापपट्टी

कोल्ड एअर इनटेक, म्हणजे मूळ एअरबॉक्सच्या (फिल्टरच्या डब्याच्या) जागी बाहेरची हवा घेणारी नळी आणि फिल्टर, बसवला की गाडीची ताकद वाढते, असं सर्रास धरून चालतात. माझं मत उलट आहे. टर्बो नसलेल्या आणि कंपनीच्या ट्यूनवरच (इंधन आणि ठिणगीच्या मूळ मांडणीवरच) चालणाऱ्या पेट्रोल गाडीत तुम्ही मुख्यतः आवाज विकत घेता. चुकत असेन तर आकड्यांनी खोडून काढा.

दोन लीटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा आपली पूर्ण क्षमता ओढतं, म्हणजे ६००० लीटर. सिलिंडरचा भरणा ९० टक्के धरला तर सेकंदाला ९० लीटर. ७० मिमी व्यासाच्या पाइपातून एवढी हवा साधारण २३ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. त्या वेगाला लागणारा दाब जेमतेम ०.३ किलोपास्कल, आणि वातावरणाचा दाब आहे १००. मग पाइप रुंद करून वाचणार किती?

दुसरं, बहुतेक गाड्यांत मूळ स्नॉर्केलचं (एअरबॉक्समध्ये हवा आणणाऱ्या नळीचं) तोंड रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर किंवा हेडलाइटमागे असतं. बॉनेटखालची तापलेली हवा तिथे पोचत नाही. थंड हवेची सोय कंपनीने आधीच केलेली असते. ती काढून बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर लावणं म्हणजे सिग्नलला उभं असताना इंजिनाला आसपासच्या हवेपेक्षा २०-३० अंश गरम हवा पाजणं.

टॉर्कवेडा

उघडा कोन फिल्टर आणि कोल्ड एअर इनटेक यांची गल्लत करू नका. पहिल्याची बाजू मीही घेणार नाही. बोलू या बंद डब्यातल्या किंवा बाहेरची हवा घेणाऱ्या इनटेकबद्दल.

पाइपाचा हिशोब बरोबर आहे, पण सरळ पाइप ही अडचण कधीच नव्हती. दाब पडतो तो स्नॉर्केलच्या चपट्या तोंडाशी, वळणांवर, फिल्टरच्या कागदात आणि नळीच्या नालीदार भागात. पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला हे सगळं मिळून २ ते ४ किलोपास्कल जाणं अगदी सामान्य आहे. त्यातला निम्मा परत मिळवला तरी एक-दोन टक्के जास्त हवा आत जाते. त्यात तापमान धरा: ५० अंशांची हवा ४० वर आणली तर घनता ३.२ टक्के वाढते. दोन्ही मिळून चार-पाच टक्के. याला नुसता आवाज म्हणणं अन्याय आहे.

मापपट्टी

घनता ३.२ टक्के वाढली म्हणून ताकद तेवढी वाढत नाही. थंड हवा गरम पोर्टमधून आणि व्हॉल्व्हवरून जाताना जास्त तापते, त्यामुळे सिलिंडरमध्ये पोचेपर्यंत फरक कमी होतो. म्हणूनच एसएई जे१३४९ च्या दुरुस्तीसूत्रात तापमानाचा भाग वर्गमुळाने येतो. १० अंशांना दीड ते दोन टक्के, त्याहून जास्त नाही.

आणि ते १० अंश मिळणार कुठून? ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे वाचणारं यंत्र) लावा, ताशी ८० किलोमीटरने दहा मिनिटं चालवा आणि इनटेक एअर टेंपरेचरमधून बाहेरचं तापमान वजा करा. धावत्या गाडीत मूळ एअरबॉक्सवर हा फरक बहुतेक वेळा काही अंशांचाच निघतो. ५ अंश निघाला, तर जगातला सगळ्यात चांगला इनटेकसुद्धा तापमानातून टक्काभरच देऊ शकतो. बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा कोणताही पाइप बनवत नाही.

फक्त सेन्सर कुठे आहे ते बघा. मॅफच्या (हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) डब्यात असेल तर आकडा विश्वासाचा. मॅनिफोल्डवर (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या भागावर) असेल तर तो धातूच्या उष्णतेने फुगलेला असतो.

ईसीयू_वाचक

तुम्ही दोघेही हवा मोजताय. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ती हवा कशी मोजतो, यावर सगळा खेळ आहे.

मॅफ सेन्सर आपल्या बारीक तारेजवळून जाणारा प्रवाह पाहतो आणि त्यावरून अख्ख्या नळीतल्या हवेचा अंदाज बांधतो. हा अंदाज मूळ नळीच्या व्यासाला बांधलेला आहे. समजा मूळ व्यास ७० मिमी होता आणि किटमधला ७६. क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता सावकाश जाते, आणि ईसीयू खऱ्यापेक्षा १५ टक्के कमी हवा वाचतो. तेवढंच पेट्रोल कमी सोडतो.

साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर हे पकडतो. फ्युएल ट्रिम (इंधनाची दुरुस्ती) अधिक १८ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसतो आणि गाडी ठीक चालते. पण त्यात छोटीशी गळती मिसळली की अनेक गाड्यांत पी०१७१ येतो, मिश्रण पातळ असल्याचा कोड. पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघणं सोडतात. तेव्हा शिकलेला ट्रिम लावायचा की नाही, हे त्या ईसीयूच्या रचनेवर आहे. लावला नाही, तर १२.५ हव्या असलेल्या हवा-इंधन प्रमाणाचं १४.७ होतं. शिवाय इंजिनावर भार कमी आहे असं समजून ईसीयू टायमिंग पुढे नेतो, म्हणजे ठिणगी लवकर टाकतो. पातळ मिश्रण, पुढे गेलेलं टायमिंग, पूर्ण भार: नॉकिंगला (मिश्रण अवेळी भडकून इंजिन ठोकण्याला) आणखी काय हवं?

आता महत्त्वाचं. अनेक कंपन्या मूळ ट्यून सुरक्षिततेसाठी थोडं जास्त पेट्रोलचं ठेवतात. किट बनवणारा मॅफची नळी किंचित रुंद ठेवतो. मिश्रण थोडं पातळ होतं, टायमिंग थोडं पुढे जातं आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ताकद खरोखर वाढलेली दिसते. ती जास्त हवेची नसते, इंजिनाची राखीव सुरक्षितता खर्च करून मिळालेली असते. म्हणून डायनोचा कागद बघताना ताकदीच्या रेषेबरोबर हवा-इंधन प्रमाणाची रेषा मागा. ती नसेल तर कागद बाजूला ठेवा.

मॅफ नसलेल्या, मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा ठरवणाऱ्या) चालणाऱ्या इंजिनात ही भानगड नाही.

टॉर्कवेडा

हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच नळीचा आतला व्यास व्हर्नियरने मोजल्याशिवाय किट घेऊ नये. पण व्यास जुळत असेल, सेन्सरच्या आधी सरळ नळी पुरेशी असेल आणि मूळची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असेल तर ती कायम ठेवली असेल, तर ही तक्रार उरत नाही. जाळी काढली की प्रवाह भोवऱ्यात येतो आणि आयडल वरखाली होतं. दोष इनटेकला मिळतो, चूक बसवणाऱ्याची असते.

आणखी एक फायदा तुम्ही सोडलात. हवा तापली की ईसीयू नॉकिंगच्या भीतीने टायमिंग मागे घेतो. गर्दीतून बाहेर पडून रेस केली की गाडी सुस्त वाटते ती यामुळे. तिथे खरी थंड हवा देणारा इनटेक मागे घेतलेलं टायमिंग परत मिळवून देतो. हा फायदा घनतेच्या सूत्रात दिसत नाही.

धूळमाप

हवा मोकळी कशी झाली, हेही विचारा. फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवून झाली असेल तर उत्तम. छिद्रं मोठी करून झाली असेल तर जास्तीच्या हवेबरोबर सिलिका (धुळीतले वाळूचे कण) आत जाते आणि रिंग व सिलिंडरची भिंत घासते. आयएसओ ५०११ या पद्धतीने फिल्टरच्या तीन गोष्टी तपासतात: अडथळा, धूळ पकडण्याची टक्केवारी आणि किती धूळ मावते. जाहिरातीत फक्त अडथळ्याचा आकडा असतो. ९९ टक्के आणि ९८ टक्के यांत एकाचा फरक वाटतो, पण आत जाणारी धूळ दुप्पट होते. बदललेल्या इंजिन ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी करून सिलिकॉनचा आकडा आधी किती होता आणि नंतर किती झाला ते बघा, उत्तर मिळेल.

तेल लावलेला कापसाचा फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळू द्या. तेल प्रत्येक घडीवर बारीक रेघ एवढंच, आणि रात्रभर मुरू द्या. जास्त झालेलं तेल मॅफच्या तारेवर बसतं. तार साफ करायला मॅफसाठीचाच स्प्रे वापरा, कार्ब्युरेटरचा नको. कापडाने तर मुळीच पुसू नका.

टर्बोपक्ष

टर्बो इंजिनाला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. कंप्रेसरला २०० किलोपास्कल द्यायचे आहेत. तोंडाशी १०० असतील तर दाबाचं गुणोत्तर २, अडथळ्याने ९७ झाले तर २.०६. तेवढाच बूस्ट (वाढीव दाब) द्यायला टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापवतो. त्यामुळे मोकळ्या इनटेकचा लाभ इथे खरा आहे, विशेषतः ट्यून बदलून बूस्ट वाढवला असेल तेव्हा. मूळ ट्यूनवर मात्र ईसीयू ठरलेल्या टॉर्कला थांबवतो. मग बूस्ट थोडा लवकर येतो, कमाल ताकद बहुधा तीच राहते. तोंडाशी हवा थंड केल्याचा फायदा इंटरकूलर बराचसा पुसून टाकतो, त्यापेक्षा अडथळा कमी करण्याकडे लक्ष द्या.

मापपट्टी

टर्बोबद्दल वाद नाही. बाकीच्यांनी घेण्याआधी आपल्याच गाडीचा अडथळा मोजावा. सोपं आहे. दोन-अडीच मीटर पारदर्शक नळी घ्या, मधला भाग फळीवर यू आकारात बांधा, निम्म्याहून कमी भरेल इतकं रंगीत पाणी घाला. एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीला, भिंतीशी सपाट आणि काटकोनात जोडा. दुसरं उघडं ठेवा. फळी आत, शेजारी बसणाऱ्याकडे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक मोबाइलवर चित्रित करा. १० सेंटिमीटर म्हणजे जवळपास १ किलोपास्कल.

मग कागदी फिल्टर नवा घालून परत मोजा. त्यानंतर फक्त स्नॉर्केल काढून मोजा. मूळ एअरबॉक्सवर एकूण फरक १५ सेंटिमीटरच्या आत असेल तर इनटेकमध्ये मिळवण्यासारखं फार उरलेलं नाही. ३५-४० असेल तर टॉर्कवेडा यांचं म्हणणं तुमच्या गाडीला लागू आहे.

टॉर्कवेडा

या चाचणीला माझा पूर्ण पाठिंबा. पण १५ सेंटिमीटरवाल्यालाही थ्रॉटल दाबताना येणारा प्रतिसाद हवा असतो, तो या नळीत दिसत नाही.

ईसीयू_वाचक

तो प्रतिसाद बराचसा कानांना जाणवतो. रेझोनेटर (नळीवरचा आवाज दाबणारा डबा) काढला की इंजिनाचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. ओबीडी स्कॅनरने नोंदींचा लॉग काढा: तोच गिअर, २५०० ते ५५००, तोच रस्ता, दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या. बऱ्याचदा खालच्या आरपीएमला टॉर्क थोडा कमीच निघतो, कारण मूळ नळीची लांबी दाबाच्या लहरी जुळवून घेण्यासाठी ठरवलेली असते.

अ‍ॅव्हरेजची आशाही सोडा. पेट्रोल गाडीत नेहमीच्या वेगाला थ्रॉटलची झडपच हवा अडवत असते. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीच्या २००९ च्या चाचण्यांत चोंदलेल्या फिल्टरनेसुद्धा आधुनिक गाड्यांचं अ‍ॅव्हरेज लक्षणीय घटलं नाही, पिकअप घटला.

धूळमाप

बसवणारच असाल तर तीन गोष्टी. क्रॅंककेसची (इंजिनाच्या खालच्या कोठीची) श्वासनळी मूळ जागीच, मॅफ आणि थ्रॉटल यांच्यामध्ये जोडा. तिथे छोटा फिल्टर लावून मोकळी सोडली तर न मोजलेली हवा आत येते. क्लॅम्प काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, सिलिकॉनचा जोड बसतो तसा ढिला होतो. आणि फिल्टर फेंडरमध्ये खाली उतरवणारा किट असेल तर त्याची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. साचलेलं पाणी त्या पातळीला आलं की फिल्टर ते ओढतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर पुन्हा मारू नका. इंधन आणि इग्निशन दोन्ही बंद करून सगळे स्पार्क प्लग काढा, हाताने क्रॅंक फिरवून पाणी बाहेर काढा आणि पूर्ण दोन फेरे कुठेही न अडकता फिरतात का ते आधी बघा.