साडी दाखवायला पोटात दुखतं का? काउंटरच्या या बाजूने उत्तर

गादीवरची (धुळे)
परवा इथे एका भाऊंनी लिहिलं होतं: बहिणीच्या बस्त्यासाठी साठेक साड्या बघितल्या, पसंत पडल्या नाहीत म्हणून उठलो, तर काउंटरवरची पोरगी तोंडातल्या तोंडात पुटपुटली. 'साडी दाखवायला पोटात दुखतं का? त्याचाच पगार घेता ना?' खाली अंगठ्यांची रांग. ती पोरगी मी नव्हे. पण अकरा वर्षं हेच करते, म्हणून लिहिते.

साठ साड्या उघडायला तुमचा तास गेला. मिटायला आमचा किती जातो, विचारलंय कुणी? सिल्कची घडी जुन्या मोडीवरच बसवावी लागते, जरीची बाजू आत, मध्ये कागद. चुकली की पुढचं गिऱ्हाईक म्हणतं, ही वापरलेली दिसते. शालूला दोघी लागतात, एक पदर धरायला, एक काठ जुळवायला. तोवर दुसरी बारा माणसं येऊन बसलेली असतात आणि शेठ गल्ल्यावरून बघत असतो. रात्री शटर अर्धं ओढून पीस मोजायचे, मग घर.

आणि बस्त्यात नवरीला कुणी विचारत नाही. आत्याला जांभळा हवा, मामीला मोठा काठ, कोपऱ्यातले दादा दर पाच मिनिटांनी 'अजून नवीन काय?' घेऊ नका, हरकत नाही. बजेट तेवढं आधी सांगा. मानाच्या किती, देण्याघेण्याच्या किती, एवढं बोललात तरी निम्म्या घड्या वाचतात.

तापीकाठ
ती पोस्ट माझीच. बजेट सांगा म्हणे! पाच हजार सांगितले की पहिलीच साडी साडेसातची अंगावर टाकता. 'घेऊ नका हो, नुसती बघा.' मग आईला पाचवाली गोणपाट वाटायला लागते. दोन वर्षं पडून असलेला माल 'कालच सुरतहून आला'. माझा मावसभाऊ याच लाइनीत आहे, जुना माल खपवला की पीसमागे वेगळे पैसे मिळतात. ते का नाही लिहिलं?

गादीवरची
मिळतात. वीस रुपये. बंगला बांधतेय त्यातून.

पांझराकाठ
माझा राग वेगळाच आहे. आईला साक्रीहून धुळ्याला आणलं. तिने विचारलं, 'कितलाले शे वं माय?' पोरगी म्हणते, 'माताजी, रेट उसपे लिखा है.' नंतर कळलं, पोरगी कुसुंब्याची! घरी अहिराणीच बोलत असणार. आई त्यानंतर एक शब्द बोलली नाही, नुसती बोट दाखवत राहिली. खान्देशात दुकान आणि अहिराणीची लाज?

केळीवाला रावेर
खान्देश म्हणजे धुळं नव्हे. यावल, रावेर, भुसावळकडे आमची लेवा बोली आहे, तावडी आहे. दरवेळी सगळ्यांना अहिराणीत गुंडाळता.

पांझराकाठ
झालं सुरू. मी आईचं सांगतोय, हे हद्दी आखायला बसले. आणि तुमच्याकडची पोरं जळगावच्या शोरूममध्ये पुणेरी मराठी झाडतात, त्यांना आधी विचारा.

केळीवाला रावेर
मग काय करतील? बोलीत बोलला की गिऱ्हाईकच म्हणतं, 'जरा शिकलेला माणूस पाठवा.' माझ्या पुतण्याने ऐकलंय हे, चोपड्याच्याच बाईकडून. उगाच काउंटरवर राग काढू नका.

गादीवरची
आम्हाला शेठने बजावलंय, हिंदी बोला, 'स्टँडर्ड' वाटतं. मी मात्र म्हातारी दिसली की अहिराणीतच सुरू होते. हळू आवाजात.

सातपुडा
तुम्हा दोघांचं भांडण वाचून हसू आलं. मी सात वर्षं तळोद्याला काउंटरवर होतो. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात, त्या आठवड्यात धडगाव, अक्कलकुव्याकडून पावरा आदिवासी बायका येतात. रोख पैसे कनवटीला, घासाघीस थोडी. त्यांना ओट्यावर उभं ठेवायचं आणि आमच्यातला कुणीतरी वरच्या कप्प्याकडे बोट दाखवून म्हणायचा, 'ते तुझं नाही.' माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी 'तू' म्हणायचो आणि पंचविशीतल्या नोकरदार बाईला 'मॅडम, बसा'. तुमच्या आईला निदान 'माताजी' तरी मिळालं.

पांझराकाठ
टोमणा पोचला. पण म्हणून आमचं म्हणणं खोटं ठरत नाही.

सातपुडा
खोटं कोण म्हणतंय? पावरी बोली येणारा एक पोरगा शेठने शेवटी ठेवलाच. माया म्हणून नव्हे. शेजारच्या दुकानाने आधी ठेवला आणि गर्दी तिकडे वळली, म्हणून.

मुनीमजी
धागा साडीचा होता, मंडळी. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय बंधनकारक केली. आपला दुकाने-आस्थापना कायदा 2017 मध्ये झाला तेव्हा त्यात दिवसाला नऊ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. लग्नसराईत ती कुणी पाहिली असेल तर सांगा. जुन्या दुकानात गादी होती, गिऱ्हाईक आणि विकणारा दोघंही मांडी घालून बसायचे. काचेचा काउंटर आला आणि बसणं फक्त गिऱ्हाइकाकडे राहिलं.

गादीवरची
माझं नावच त्या गादीवरून आहे. चार वर्षं झाली काढून. आता टाचा दुखतात म्हणून मी जाड मोजे घालते, तर मालकीणबाई म्हणतात, साडीखाली बरे दिसत नाहीत.

तापीकाठ
बरं बाई, साठ जास्त झाल्या. तीस म्हणा. पण पुटपुटणं चूकच.

गादीवरची
चूकच. मी पण पुटपुटते, ऐकू जाऊ देत नाही.

तापीकाठ
बस्ता अजून व्हायचाच आहे. आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख धरलीय. तुमच्याकडे आलो तर गोणपाट दाखवणार की साडी?

गादीवरची
मंगळवारी दुपारी या, गर्दी नसते. नवरीला पुढे बसवा, दादांना चहाला पाठवा. शेठ समोर असला तर साडेसातची मी काढणारच. तुम्ही सरळ नाही म्हणा, मी लगेच मिटते.