अनुभव धागा : बाळ त्यांचं, बाळंतपण आपलं

सरोगसीवर मराठीत वाचायला गेलं की दोनच प्रकार हाती लागतात. एक, सिनेमावाल्यांच्या घरी पाळणा हलल्याच्या बातम्या. दुसरा, 'कायदा काय सांगतो'. जिच्या पोटात ते मूल वाढलं ती बाई दोन्हीकडे शेवटच्या परिच्छेदात, तीही नाव बदलून. मी नणंदेसाठी मूल वाढवलं तेव्हा मिळेल ते वाचून काढलं, आणि मला जे हवं होतं ते कशातच नव्हतं. म्हणून हा धागा. कोकणातल्या आणि कोकणातून मुंबईला गेलेल्या सगळ्यांनी लिहा : स्वतः केलं असेल, घरात कुणी केलं असेल, करून घेतलं असेल, कामाचा भाग म्हणून पाहिलं असेल. दवाखान्याचं, डॉक्टरचं नाव नको. 'पुण्य' आणि 'पाप' हे दोन शब्द टाळलेत तर बरं, ऐकून कान किटलेत.

माझ्यापासून सुरुवात करते.

वन्सचं पहिलं बाळंतपण फार वाईट गेलं. रक्तस्राव थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली, बाळही हाती लागलं नाही. बीजकोश मात्र शाबूत होते, म्हणजे मूल त्या दोघांचंच होऊ शकत होतं. विषय मीच काढला. सासूबाईंनी नाही, नवऱ्यानेही नाही. मुद्दाम लिहिते, कारण सुनेवर दबाव आला असणार असं सगळे धरूनच चालतात. काही घरांत येतही असेल.

कागदपत्रं भरपूर. वन्सकडच्या जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा पालकत्वाचा आदेश, माझं पात्रता प्रमाणपत्र, मानसिक तपासणी वेगळी. सरोगेटचं वय २५ ते ३५, स्वतःचं मूल हवं, आणि आयुष्यात एकदाच. माझी पस्तिशी जवळ आलेली, त्यामुळे कागद कुठल्या टेबलावर अडकला की वन्सचा रात्री फोन.

लेखांत 'हार्मोन्सचे डोस दिले जातात' एवढंच असतं. ते डोस म्हणजे गोळ्या आणि तेलातलं प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन, कमरेखाली स्नायूत. तेल दाट, म्हणून सुई जाड. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर कुपी आधी तळहातांत घोळवून कोमट करायच्या, मग हळूहळू टोचायच्या, मग बराच वेळ चोळायच्या. आज डावी बाजू, उद्या उजवी. तरी गाठी धरल्याच. एसटीत बसणं म्हणजे शिक्षा, त्यात आमचे रस्ते. आणि दिवस राहिले की हे थांबतं असं मला वाटलं होतं, तसं नाही. नेहमीच्या गरोदरपणात बीजकोश सुरुवातीचं प्रोजेस्टेरॉन पुरवतो. माझं चक्र औषधांवर चालवलेलं, बीजकोश कामाला लावलाच नव्हता. म्हणून वार (प्लॅसेंटा) स्वतः काम करू लागेपर्यंत, साधारण दहा-बारा आठवडे, सुई चालूच.

गर्भ आत सोडतात तेव्हा मूत्राशय भरलेलं लागतं, सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून. त्या पवित्र क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं असं वन्सने नंतर विचारलं. मला फक्त लघवीला जायचं होतं.

डोहाळजेवणाला ओटी कोणाची भरायची यावर वाडीत खल झाला. सासूबाईंनी दोन पाट मांडले. सोयर कोणी पाळायचं हे भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, "डोंबिवलीचं डोंबिवलीत पाळतील. हिला दहा दिवस कामाला लावू नका म्हणजे झालं." इतकं शहाणं उत्तर मला कुठल्याही लेखात मिळालं नाही.

दूध तिसऱ्या दिवशी आलं. ते आटवायची गोळी लिहून तयार होती, पण घ्यायचीय का असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारलं वन्सने. मी थोडे आठवडे पंपाने काढून दिलं, मग बंद केलं. नाही दिलं तरी काही बिघडत नाही. पण हा प्रश्न आधी विचारला जायला हवा, छाती दगडासारखी झाल्यावर नाही.

माझा मुलगा तेव्हा बालवाडीत. तो सगळ्यांना सांगत सुटला, "आतेचा बाळ आमच्याकडे ठेवलेला हा." आता पुढच्यांनी लिहा.


खाडीकाठची (गुहागरकडची)

मी पैशासाठी केलं. साफ सांगते. कायद्याच्या बऱ्याच आधी, तेव्हा चालत होतं. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, स्वतःच्या होडीला इंजिन घ्यायचं तर कोण कर्ज देणार? गावात सांगितलं, मुंबईला घरकामाला जाते. आम्ही काही जणी एका फ्लॅटवर राहायचो. जेवण वेळेवर, फळं, दूध, अंडी. मासळी नाही, कारण बनवणारी बाई शाकाहारी. मला डोहाळे लागले ते सुक्या बांगड्याचे! एकीने चोरून आणला, खिडकी उघडून भाजला आणि पूर्ण इमारतीत बोंब झाली.

करार इंग्रजीत होता. वाचून दाखवला, म्हणजे 'इथे सही, इथे सही' एवढं. पैसे टप्प्याटप्प्याने, मोठा हप्ता बाळंतपणानंतर. सिझर झालं. पडद्यापलीकडे रडण्याचा आवाज आला, मुलगी का मुलगा ते नर्सने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हे वाचून माझी कीव करू नका. त्या पैशातून इंजिन आलं, थोरलीचं शिक्षण झालं.

राग कशाचा आहे ते सांगते. घरी आल्यावर टाके पिकले. फोन केला तर म्हणे, गावातल्या डॉक्टरला दाखवा. गावातल्या डॉक्टरला काय सांगू? मूल कुठाय म्हणून तो विचारणार. हळद लावून बसले. आता कायद्यात ३६ महिन्यांचा विमा आहे असं मुलीने वाचून दाखवलं. हे तेव्हा हवं होतं. पण कायद्याने दुसऱ्या हाताने पैसेच काढून घेतले. डॉक्टर पैसे घेतो, औषधवाला घेतो, वकील घेतो. नऊ महिने जिचे जातात तिने तेवढं मायेपोटी करायचं. हे ठरवताना आमच्यातल्या कुणाला विचारलं होतं काय?

(ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी मायेपोटीच केलं, आणि तरीही तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. — धागाकर्ती)


कोर्टाच्या पायरीवर (रत्नागिरी)

वकिलांच्या ऑफिसात काम करतो. वर 'नणंदेसाठी' वाचून लोकांचा पुन्हा तोच समज होईल म्हणून लिहितो. सरोगेट जवळची नातेवाईकच हवी, ही अट २०१९ च्या विधेयकात होती. राज्यसभेच्या निवड समितीने ती काढायला सांगितली. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात 'इच्छुक स्त्री' आहे. नातं नसलेलीही चालते, पण वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमात बसणारा इतर खर्च सोडून तिला पैसे देता येत नाहीत. पैशाचा व्यवहार करणाऱ्या दवाखान्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. तिचं स्वतःचं स्त्रीबीज चालत नाही.

लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट : गर्भ आत सोडण्यापूर्वी कुठल्याही क्षणी तिला 'नको' म्हणता येतं. सही केली म्हणून बांधली गेली, असं नाही. आमच्याकडे एक जोडपं आलं होतं, त्यांना हे कलम ऐकूनच घाम फुटला. मी म्हटलं, मग दुसरी बघा.


कलमवाला (देवगड)

नवऱ्याची बाजू कुणी लिहीत नाही, म्हणून मी. बायकोने तिच्या मावसबहिणीसाठी केलं. मी हो म्हटलं कारण तिचं ठरलेलं होतं, आणि ठरलं की ती ऐकत नाही. आम्हाला अमुक काळ लांब राहायला सांगितलं, ते कळण्यासारखं आहे. पण मोहोर आला की फवारणी, घर कलमांच्या मधोमध. दुसऱ्याचं मूल, आणि आपल्या औषधाने काही झालं तर? स्वतःच्या दोन पोरांच्या वेळी मी एवढा विचार केला नव्हता, तेव्हा तर पंप अंगणातच धुवायचो. शेवटी तिला मोहोर ते आंबा पूर्ण हंगाम माहेरी मिठबावला ठेवलं.

नाक्यावर लोक विचारायचे, "काय रे, तुला चालतं?" मी म्हणायचो, मला भात करता येत नव्हता, तेवढंच चाललं नाही.


आजी, नातवाकडून लिहून घेतलंय

माझ्या सुनेन आपल्या भयणीसाठी पोर पोटात वाढवल्यान. शेजारणी येवन इचारीत, "म्हातारे, तुझो नातू खंय?" मी सांगितलंय, "नातू नाय तो, तिच्या भयणीचो झील. मुंबैक आसा." संपला. त्येच्यात काय एवढा? आमच्या येळेक जावेचा पोर जाव पाजी, कोण पेपरात लिही नाय.


सिस्टर (दापोली तालुका)

मी आरोग्यसेविका. आमच्या भागात एक केस आली. गरोदर माता म्हणून नोंद झाली, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, सगळं झालं. खरी पंचाईत पुढे. बाळंतपणानंतर आशाताई घरी जातात ना, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्या भेटी बाळाच्या नावाने आहेत. बाळ गेलं ठाण्याला. इथे राहिली ओली बाळंतीण, हिमोग्लोबिन कमी, आणि आमच्या वहीत तिच्यासाठी रकानाच नाही. आशाताई म्हणाली, "मॅडम, मी जाते, लिहायचं कुठे ते तुम्ही बघा." ती सगळ्या भेटींना गेली. मी शेऱ्यात लिहिलं.

तिथे जाऊन काय करायची? बहुतेक वेळा चहा प्यायची आणि ऐकायची. एकदा त्या बाईने विचारलं म्हणे, "मला रडू येत नाही, काही चुकतंय का माझं?" सगळे रडण्याचीच वाट बघत होते. आशाताईने सांगितलं, "नाही येत तर नाही येत. ताप आहे का सांग."


लाल मातीतली (चिपळूण)

मी पलीकडची. माझ्या धाकट्या बहिणीने माझी मुलगी वाढवली. मी कॉलेजात शिकवते. रजेसाठी भांडावं लागेल हे धरून चालले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०१५ चा निर्णय आहे, सरोगसीने आई झालेल्या कर्मचारी स्त्रीला मातृत्व रजा नाकारता येत नाही असा, तो छापून सोबतच जोडला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दोघींनाही १८० दिवस रजेचा नियम केला. माझी बहीण शिवणकाम करते. तिला कोण रजा देणार?

घेणाऱ्याचंही एक ओझं असतं, त्यावर कुठे वाचलं नाही. ती विहिरीवरून कळशी आणताना दिसायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. 'नको उचलू' म्हणावं तर हुकूम सोडल्यासारखं होतं, न म्हणावं तर रात्रभर झोप नाही. तिने एकदा सगळ्यांसमोर सुनावलं, "तायडे, पोटात तुझं मूल आहे, पण पोट माझं आहे." आम्ही त्यानंतर काही दिवस बोललो नाही. मग भावोजींनी विहिरीला पंप बसवला. त्याचे पैसे मी दिलेले कायद्यात बसतात का ते कोर्टवाल्या दादांनी सांगू नये.

मुलीला अजून सांगितलेलं नाही. बहिणीचं म्हणणं, लवकर सांगा. मला वाटतं, थोडी मोठी होऊ दे. हा वाद चालू आहे.


थोरली

खाडीकाठची माझी आई. तिचं वरचं मीच टाइप केलं, हे तिच्या परवानगीने लिहितेय. मला हे समजलं ते बारावीनंतर. त्याच सुमारास कॉलेजच्या लायब्ररीत आणंदच्या सरोगेट बायकांवरचा एक लेख सापडला. फोटोत रांगेने खाटा आणि तोंडाला मास्क लावलेल्या बायका. लेख चांगला होता, लिहिणाऱ्याला कळवळा होता. पण त्यात सगळ्या बायका एकतर फसलेल्या होत्या, नाहीतर कृतज्ञ. घरी गेले तर आई खळ्यात सुपारी सोलत बसली होती आणि शेजारणीशी शंभर रुपयांवरून भांडत होती. तिला लेखातलं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यांनी बांगड्याचं नाही लिहिलं?"


सावंतवाडीची

सगळं वाचलं. मी माझ्या सख्ख्या बहिणीसाठी करावं असं मनात आहे, वय ३१, एक मुलगा. घरचे तयार आहेत. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, तिचे यजमान पॉझिटिव्ह. याने अडेल का? आणि आधी काय बघू?

धागाकर्ती : विम्याचा कागद आधी हातात घ्या आणि त्यात बाळंतपणानंतरच्या तक्रारी धरल्यात का ते वाचा. दुसरं, घरचे तयार आहेत म्हणता, पण स्वयंपाक कोण करणार ते नावानिशी ठरवून घ्या. रक्तगटाचं सिस्टर सांगतील.

सिस्टर : अडत नाही, पण सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा. मुलाच्या वेळी अँटी-डी (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या रक्तात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन) घेतलं होतं का त्याचे कागद शोधा. आधी रक्तात अँटीबॉडी आहेत का ते तपासतील. नसतील तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास एक इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. ते महाग असतं आणि आपल्याकडे ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही. आठव्या महिन्यातच मागवून दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, घरच्या नको. आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.