नव्यानं वाजवलेलं ‘मनी’

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ‘बेस्ट ऑफ’ संकलनं म्हणजे कादंबरीची सुटी पानं, ती टाकाऊच, असं म्हणणारे भेटतात. त्यातलं सुट्या पानांचं म्हणणं बरंचसं पटतं. माझी त्यांच्याशी ओळखच २००१ च्या ‘एकोज’ या संकलनातून झाली. हॉस्टेलवर कुणाची तरी सीडी होती, सेमिस्टरभर ती वाजवली. पुढे त्यांचा ‘मेडल’ हा मूळ अल्बम हातात आला तेव्हा कळलं, की ‘एकोज’ हे गाणं मुळात तेवीस मिनिटांच्या वर आहे आणि आपण पाठ केलंय त्यातून सातेक मिनिटं कापलीत! चिडलोच होतो.

पण सगळी संकलनं टाकाऊ, हे मात्र मान्य नाही. १९८१ चं ‘अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्स’ घ्या (नावातच खवचटपणा, यावर नाचून दाखवा कुणी). त्यातलं ‘मनी’ हे गाणं १९७३ चं मूळ रेकॉर्डिंग नाहीच. अमेरिकेत मूळ गाण्याचे हक्क बँडच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीकडे होते, ती नव्या कंपनीला ते देईना. मग बँडचा गिटारिस्ट गिलमोरनं गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम्स, गाणं सगळं स्वतः. सॅक्सोफोनला तेवढा मूळचाच डिक पॅरी. मूळची सर नाही, ड्रम्स तर अगदीच सपाट वाटतात. पण दोन्ही लागोपाठ ऐकली की मूळ गाण्यात ड्रम्सवर मेसन आणि कीबोर्डवर राइट नेमकं काय करत होते ते कानाला कळतं. आणि १९७१ चं ‘रेलिक्स’ विसरू नका. बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार बॅरेट, त्याच्या काळातली काही सिंगल्स आणि बी-साइड्स (सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी) त्यात एका जागी मिळायची.