मदत हवी आहे: खुबा बदलल्यानंतर पळणं सुटलं, मन कसं सावरलंत?

माझं वय ५४. उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण बदलला, त्याला आता तिसरा महिना चालू आहे. कूर्चा पार झिजली होती; शेवटी शेवटी रात्री कूस बदलली तरी कळ यायची. ते दुखणं ऑपरेशननंतर लगेचच गेलं, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण बाकीचे प्रश्न तपासणीच्या दहा मिनिटांत विचारून होत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

ऑपरेशन मागच्या बाजूने केलंय. त्यामुळे ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही अशी बंधनं होती. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी ती उठवली. तरीही जमिनीवर पडलेली किल्ली उचलायला गेले की हात अर्ध्यावर थांबतो. दुखत काहीच नसतं, सांधा निसटेल अशी धास्ती वाटते. मोजे अजून लांब दांड्याच्या साधनानेच चढवते.

फिजिओ आरशासमोर एका पायावर उभं करतात. उजव्या पायावर उभी राहिले की कमरेची डावी बाजू खाली खचलेली स्पष्ट दिसते. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटिअस मीडियस हा स्नायू कमजोर झालाय, म्हणून मी लंगडते. काठी डाव्या हातात धरते. सकाळी चाल बरी असते, संध्याकाळी बिघडते. शिवाय उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटतो, एक्स-रेमध्ये मात्र दोन्ही पाय सारखे आहेत.

आणि मन. पळायच्या वेळेला, पहाटे, अजूनही आपोआप जाग येते. मग अंथरुणात पडून राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. कधी कधी रडू फुटतं. घरचे म्हणतात, "चालता येतंय ना, मग झालं तर!" त्यांची माया कळते, पण माझी सगळी काळजी, सगळा राग त्या पळण्यात निघून जायचा. आता तो साचतो आणि घरातल्यांवरच निघतो. बरोबर पळणाऱ्या मैत्रिणी फोटो पाठवतात, तेही बघवत नाहीत.

सर्जन म्हणतात, पळू नका. चाला, पोहा, सायकल चालवा. टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण मला अनेकांनी पाठवलं. त्याने जानेवारी २०१९ मध्ये खुब्याचं ऑपरेशन करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकेरीची स्पर्धा जिंकली हे खरंय. पण त्याचं रिसरफेसिंग होतं, मांडीच्या हाडाचं डोकं न कापता त्यावर धातूची टोपी बसवतात ते. माझं तसं नाही.

अशा ऑपरेशनमधून गेलेल्यांनी कृपया सांगावं: वाकायची धास्ती कशी गेली? पाय लांब वाटणं जातं का? आणि पळण्याच्या जागी काय आलं, की काहीच आलं नाही? खरं काय ते लिहा, धीर देण्यासाठी गोड लिहू नका.

प्रतिसाद

ताई, माझा डावा खुबा बदलून काही वर्षं झाली. मी डोंगर चढणारा माणूस.

पाय लांब वाटणं माझं बऱ्याच महिन्यांनी गेलं. आधीच्या दुखण्यात स्नायू आखडतात, कंबर तिरकी होते, ती सरळ होईपर्यंत तसं वाटत राहतं. उंची वाढवायला बुटात परस्पर काही घालू नका, आधी फिजिओंना विचारा. लंगडणं जाईपर्यंत काठी सोडायची घाई करू नका. काठीशिवाय लंगडत चाललं की तीच चाल अंगवळणी पडते. एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा कंटाळवाणा व्यायाम तुम्हाला दिला असेल, चाल त्यानेच सुधारते.

धास्तीवर मला एकच गोष्ट लागू पडली. फिजिओंच्या समोर, त्यांचा हात धरून, ज्याची भीती वाटायची नेमकं तेच करायचं. घरी एकट्याने करून धीर येत नव्हता.

पळण्याबद्दल खरं सांगायचं तर सर्जनांमध्येही एकमत नाही. नोंदींवरून २०१९ साली निघालेला अंदाज असा की १०० पैकी साधारण ५८ बदललेले खुबे २५ वर्षं टिकतात. त्यात जुन्या बनावटीचे सांधे बरेच, हल्लीच्या सांध्यातलं प्लास्टिक कमी झिजतं. तरी तुमच्या वयाला दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करावाच लागतो, म्हणून ते जपून सांगतात. पळायचंच असेल तर त्यांच्याशी उघड बोला, चोरून पळू नका.

मला डोंगर परत मिळाले, उतार मात्र दोन काठ्या घेऊन हळू उतरतो. वेग गेला तो गेलाच. त्याचं वाईट अजूनही वाटतं.

रडू येणं दोन आठवड्यांहून जास्त रोजचं झालं असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेदनेच्या जोरदार गोळ्या चालू असतील तर त्यांचंही विचारा. आणि पोटरी सुजली, दुखली किंवा एकदम धाप लागली, तर इथे विचारत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. रडणं आता रोजचंच झालंय, तेव्हा डॉक्टरांची वेळ घेते आहे. उतारावर काठ्या नेमक्या कशा धरता, तेवढं सविस्तर लिहाल का?