श्रीलंकेतली ॲन्यूरेटस सिमोनी मुंगी कुठे बघता येईल?

भटकी_अनु: जानेवारीअखेर आम्ही घरचे श्रीलंकेला चाललोय. श्रीपाद शिखर चढायचंय, म्हणून रत्नपुऱ्याला मुक्काम आहे. ॲन्यूरेटस सिमोनी ही दुर्मीळ मुंगी त्याच भागात सापडते असं वाचलं. माझ्यासारख्या हौशी माणसाला दिसेल का? आणि तिचं एवढं कौतुक कशासाठी?

देवराई: अनु, जागा अगदी बरोबर निवडलीत! रत्नपुऱ्याकडून शिखराला जाताना गिलिमलेचं जंगल लागतं, तिथे ही आहे. सिंहराजाच्या वर्षावनातही आहे.

कौतुक अशासाठी की मुंग्यांच्या एका अख्ख्या उपकुळातली ही एकटीच जिवंत जात आहे. बाकीचे भाऊबंद फक्त जीवाश्मांत उरलेत, बाल्टिक किनाऱ्यावरच्या अंबरमध्ये (म्हणजे झाडांच्या गोठलेल्या प्राचीन डिंकात) आणि अमेरिकेत कोलोरॅडोच्या खडकांत. म्हणजे एकेकाळी हे घराणं दूरवर पसरलेलं होतं. आज ते एका बेटाच्या ओल्या कोपऱ्यात तगून आहे, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

सिमों या फ्रेंच कोळीतज्ज्ञाने नमुने गोळा केले, एमरी या इटालियन मुंगीतज्ज्ञाने १८९३ मध्ये नाव दिलं. मग कितीतरी वर्षं कुणाला जिवंत वसाहत अभ्यासायला मिळालीच नाही. १९५५ मध्ये पंचविशीतला अमेरिकन मुंगीतज्ज्ञ ई. ओ. विल्सन खास हिच्यासाठी आला. कँडीच्या उडवट्टकेले जंगलात काही मिळेना, तेव्हा रत्नपुऱ्याकडे गेला आणि तिथे सापडली.

ओळखायची कशी: अंगाने सोनेरी पिवळी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. कंबर लांब, बारीक. कामकऱ्यांत दोन प्रकार, त्यातल्या 'शिपाई' मुंग्यांचं डोकं चांगलं मोठं. जमिनीवर पडलेल्या कुजक्या फांद्या बघा, बोटाएवढ्या जाडीच्यासुद्धा. भिंग न्याच. जळवांसाठी मोजे आणि मीठही.

कोलंबोकर: इथे नोकरीला आहे म्हणून सांगतो. राखीव जंगलात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी काढा. आणि किडा-मुंगी काहीही डबीत घालून नेऊ नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

भटकी_अनु: डबी नाही, फक्त फोटो. आपल्या सह्याद्रीत हिचं नात्यातलं कुणी आहे का?

देवराई: आहे, आणि तुमच्या स्वयंपाकघरातच असेल! काळपट डोकं, फिकट पोट, साखरेच्या डब्याभोवती सैरावैरा पळणारी ती इवलीशी मुंगी. चिरडली की उग्र वास येतो. ती डोलिकोडेरिनी उपकुळातली, हिच्या सर्वांत जवळचं जिवंत उपकुळ तेच. फरक नांगीचा. घरातलीची नांगी नावापुरती उरलीय, ॲन्यूरेटसची अजून शाबूत आहे.

एक कळकळीची विनंती. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ही अतिसंकटग्रस्त आहे, आणि वसाहत असते शंभरेक मुंग्यांची. फांदी फोडू नका. उचला, बघा, फोटो घ्या, आणि जशी होती तशीच, ओली बाजू खाली करून परत ठेवा.