मदत हवी आहे: झडीच्या पावसात २५ पिल्लांखालचं तूस कोरडं कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ, चिऱ्याच्या पडवीत ग्रामप्रिया या कोंबडीच्या जातीची २५ पिल्लं, वय ३ आठवडे. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. बल्बखाली गर्दी नाही, लांब पळणंही नाही, म्हणजे ऊब बरोबर.

अडचण तुसाची. २ इंच भाताचं तूस घातलंय. झडीसाठी ताडपत्री पूर्ण पाडली की ते दमटतं. मुठीत दाबलं तर गोळा सुटत नाही. पिल्लांच्या उंचीवर नाक नेलं की अमोनिया डोळ्यांना झोंबतो. पाण्याच्या भांड्याभोवती तर लगदाच. अशा ओलीत कॉक्सिडिओसिस होतो, रक्ताची हगवण लागते, तीच मोठी भीती आहे.

भांडं विटेवर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ठेवलंय. ओला भाग रोज काढून नवं तूस टाकतो. ताडपत्री वरून वीतभर उघडी ठेवावी का? तुसात विरलेला चुना किती मिसळता? जमिनीची ओल अडवायला खाली प्लास्टिक घातलं तर चालेल का?

आणखी एक. २८व्या दिवशी राणीखेत रोगावरच्या लासोटा लसीचा दुसरा डोस आहे. कुपी १०० पिल्लांची, कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. जवळपास कुणाची त्याच वयाची पिल्लं असतील तर कुपी वाटून घेऊ. बर्फाचा डबा आमच्याकडे आहे.