मालगाडीच्या डब्यांचे नंबर वाचता येतील असे फोटो काढायचेत, कॅमेरा कुठला घेऊ? (मेलबर्न, बजेट ७०० डॉलर)

विंडहॅमवेलकर
नमस्कार मंडळी. माझे आबा भुसावळला टीएक्सआर (गाडी तपासनीस) होते, आयुष्य वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, चाकं ठोकून बघण्यात गेलं. ऑक्टोबरमध्ये ते तीन महिन्यांसाठी इकडे येतायत, त्याआधी मला इथल्या मालगाड्यांची एक नीट वही तयार करायचीय. इंजिनाचे फोटो सगळेच काढतात, मला मागचे डबे हवेत. प्रत्येक वॅगनचा कोड, नंबर, बाजूचा पूर्ण फोटो. लिटल रिव्हर स्टेशन आमच्यापासून व्ही-लाइनच्या लोकलने एकच स्टेशन पुढे, अ‍ॅडलेडकडे जाणारी स्टँडर्ड गेज लाइन तिथे शेजारूनच जाते. सध्या फोनवर काढतोय पण नंबर फरफटलेले येतात. सेकंडहँड चालेल. बजेट ७०० डॉलर, त्याच्या वर खरंच नाही जमणार.

निखिल_सिडनी
भावा एकदाच खर्च कर आणि सोनी ए-७ मार्क ४ घे. मी तेच केलं. आधी स्वस्तातले दोन घेतले, दोन्ही विकले, त्यात गेलेले पैसे धरले तर आधीच फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) आला असता. सोबत ७०-२०० ची लेन्स. पहाटेच्या अंधारातसुद्धा डब्यावरचा गंज दिसतो.

विंडहॅमवेलकर
दादा, ७०० म्हटलंय मी.

निखिल_सिडनी
हप्त्यावर मिळतो रे.

पुणेरी_इन_पर्थ
कॅमेऱ्याचं नंतर बघा, आधी जागा बदला. मालगाडी बघायची तर आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पिलबारा. २१ जून २००१ ला बीएचपी या खाण कंपनीने ६८२ वाघिणी आणि ८ इंजिनं लावून ७.३५३ किलोमीटर लांब गाडी चालवली होती, तो जागतिक विक्रम आहे. रिओ टिंटोच्या लोहखनिजाच्या गाड्या तर आता ड्रायव्हरशिवाय पळतात. मी स्वतः उभा राहून बघितलीय, संपतच नाही.

हंटर_व्हॅलीवाली
पिलबारा काय सुचवताय, मेलबर्नच्या माणसाने शनिवार-रविवारात जाऊन यायची जागा आहे का ती? त्यापेक्षा न्यू साउथ वेल्समधलं मेटलंड. कोळशाच्या गाड्यांना वेगळे रूळ आहेत, पॅसेंजर गाड्या मध्ये येत नाहीत, न्यूकॅसल बंदराकडे भरलेली आणि परत रिकामी असं दिवसभर चालू असतं. मी सोनीचा ए-६००० वापरते, सेकंडहँड घेतला, तुमच्या बजेटमध्ये लेन्ससकट बसतो. फक्त एक चूक करू नका जी मी केली. बटण दाबून धरलं, पटापट फोटो निघाले आणि थोड्याच वेळात बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरून कॅमेरा अडकला, गाडी अर्धी बाकी. आता मी डबा समोर आला की एकदाच दाबते. हाताला ताल बसतो त्याचा.

गार्डचा_डबा
मेटलंडला सगळे हॉपर (खालून माल सोडणारे डबे) एकसारखे, वही काय भरणार? मेलबर्नच्या लाइनवरच खरी विविधता. कंटेनर, धान्य, स्टील, सगळं.

आता कामाचं सांगतो. गाडी ताशी ८० ने जात असेल तर सेकंदाला २२ मीटर सरकते. शटर १/२५० सेकंद ठेवलं तर तेवढ्यात डबा जवळपास ९ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, मग अक्षर फरफटणारच. १/१००० ला तोच आकडा सव्वादोन सेंटिमीटर, नंबर वाचता येतो. म्हणजे कॅमेरा कुठलाही घ्या, शटर तुमच्या हातात पाहिजे. फोन ढग आले की स्वतःच शटर मंद करतो, तुमचं तेच होतंय.

साठ्ये_ब्रिस्बेन
शटर वरच्यांनी सांगितलंच आहे, १/१००० ठेवा. पण मेकॅनिकल ठेवा. मी सायलेंट मोडवर अख्खी गाडी काढली आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक डबा तिरका, चौकोनाचा समांतरभुज झालेला. महिनाभर लेन्सला दोष देत होतो. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतं, वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो डबा पुढे सरकलेला असतो.

अनघा_जिलाँग
मी नवीन आले तेव्हा पहिला अख्खा हिवाळा रुळाच्या दक्षिणेला उभी राहत होते. डोक्यात आपलं गणित, सूर्य दक्षिणेकडून. इथे तो उत्तरेला असतो! माझ्या सगळ्या वाघिणी काळ्याकुट्ट. पूर्व-पश्चिम लाइन असेल तर उत्तरेला उभं राहायचं. आणि जून-जुलै सोडू नका, भर दुपारी बारालासुद्धा सूर्य जेमतेम तीस अंशांवर असतो, उजेड डब्याच्या पोटाखाली शिरतो. जानेवारीत बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, डब्याचीच सावली, वर उन्हाच्या झळांनी लांबचं सगळं पाण्यात हलल्यासारखं दिसतं, मग कितीही झूम घ्या.

जिलाँगच्या पुढे गेरिंगहॅपला पण जा, बॅलरॅटची लाइन तिथून फुटते.

निखिल_सिडनी
झळांवर मोठी लेन्स हाच उपाय.

अनघा_जिलाँग
नाही हो, लांबून मोठी लेन्स लावली तर झळा जास्तच दिसतात. जवळून काढणं हा उपाय. पण जवळ म्हणजे कुंपणाच्या बाहेर. रुळाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, दंड होतो आणि ड्रायव्हरच्या छातीत धस्स होतं ते वेगळं. फ्लॅश बंद.

काकडे_काका
मी मध्य रेल्वेतून निवृत्त. सगळे कॅमेऱ्यावर बोलतायत, काय लिहून घ्यायचं ते कुणी सांगत नाहीये. इथल्या वाघिणीवर चार अक्षरं, पाच आकडे आणि शेवटी एक अक्षर असतं. पहिलं अक्षर मूळ रेल्वेचं: एन न्यू साउथ वेल्स, व्ही व्हिक्टोरिया, ए ऑस्ट्रेलियन नॅशनल, आर नॅशनल रेल. दुसरं प्रकाराचं, म्हणजे एच हॉपर, क्यू कंटेनरची सपाट वाघीण. व्हीएचजीवाय दिसली तर व्हिक्टोरियाची धान्याची हॉपर. पण पहिल्या अक्षरावरून आजचा मालक ठरवू नका. नॅशनल रेल २००२ मध्येच पॅसिफिक नॅशनलमध्ये गेली, आर मात्र वाघिणीवर तसाच राहिला.

आणि ते शेवटचं अक्षर जरूर टिपा. ते कोड आणि नंबरावरून हिशेबाने निघतं, त्यामुळे ३ चा ८ वाचला गेला तर चूक पकडता येते. तुमच्या वडिलांना हे लगेच कळेल. आपल्याकडे अकरा आकडी नंबरात दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन वर्षाचे, चार वाघिणीचे आणि शेवटचा एक तपासणीचाच असतो.

पुणेरी_इन_पर्थ
काका, पण इकडच्यासारखे डबल स्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवलेले कंटेनर आपल्याकडे नाहीत.

काकडे_काका
आहेत की. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर जानेवारी २०२१ पासून विजेच्या तारेखालून डबल स्टॅक धावतात, तार तेवढी उंच बांधलीय. इथे पर्थच्या वाटेवर तारच नाही.

पुणेरी_इन_पर्थ
बरं, तारेचं मान्य. लांबीत मात्र आम्हीच.

गार्डचा_डबा
धागा परत रुळावर आणूया. माझं मत, सेकंडहँड लुमिक्स एफझेड-१०००. लेन्स बदलायची भानगड नाही, शटर हातात.

हंटर_व्हॅलीवाली
ए-६०००. लेन्स नंतर बदलता येते. आणि १/१०००.

विंडहॅमवेलकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांची पोस्ट आबांना फोनवर वाचून दाखवली. शेवटच्या अक्षराचं ऐकून खूश झाले, पण म्हणाले, "नंबर कुणीही लिहील, मला बोगी दाखव. स्प्रिंग कशी बसवलीय ते दिसलं पाहिजे."

मग आज दुपारी लिटल रिव्हरला गेलो, आहे तोच फोन घेऊन. पन्नास डॉलरचा ट्रायपॉड, शटर हाताने ठेवता येणारं एक अ‍ॅप, १/१००० आणि सरळ व्हिडिओ. अनघाताईंनी सांगितलं तसं सूर्य पाठीशी घेतला. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे वीस मीटरच्या वाघिणीच्या सत्तावीस फ्रेम मिळतात, त्यातली सर्वांत स्पष्ट निवडायची. पहिली गाडी मिनिटभराहून जास्त वेळ जात होती आणि एकही डबा सुटला नाही. एका आरक्यूएसवायचा नंबर तपासणीच्या अक्षरापर्यंत वाचता आला. बोगीच्या स्प्रिंगचे वेटोळे मोजता येतात, पुढच्या वेटोळ्यावर वाळलेला चिखल आहे तोसुद्धा दिसतो.

त्यामुळे कॅमेरा घेत नाहीये.

साठ्ये_ब्रिस्बेन
व्हिडिओत डबे तिरके येणार, आधीच सांगून ठेवतो. मॉडेल बनवायला मापं घेता येणार नाहीत.

विंडहॅमवेलकर
येतात थोडे तिरके, खरंय. वहीला चालतील. उरलेल्या पैशांत आबांना पोर्ट ऑगस्टाला नेतोय, हजार किलोमीटर आहे पण पर्थकडे जाणारे डबल स्टॅक तिथे बघायला मिळतील. नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरलाय. तिथे कुंपणाबाहेरून, उत्तरेच्या उन्हात, बसायला सावली असेल अशी जागा कुणाला माहीत आहे का? आबा ७४ चे आहेत, तासभर उभं राहणं होत नाही.

अनघा_जिलाँग
घडीची खुर्ची आणि मोठी छत्री गाडीत टाका, सावली आपली आपण न्यायची. माशांसाठी डोक्यावरची जाळी पण घ्या, दोन.

निखिल_सिडनी
पोर्ट ऑगस्टाला जाताय तर कॅमेरा माझा घेऊन जा. मी ऑक्टोबरअखेर मेलबर्नला येतोय, देतो.